गारद्यांचा पगार

दिल्लीहून जी.टी. रोडने निघालं की नव्वदेक किलोमीटरवर पानिपत लागतं आणि शहरापासून सात-आठ किलोमीटरवर काला अंब. आंबा आता नाही. तिथे विटांचा एक खांब आहे, त्याला लोखंडी कुंपण आहे आणि आजूबाजूला बाग. पानिपतच्या लढाईत इतकं रक्त सांडलं की इथल्या आंब्याला काळी झाक आली, अशी कथा या भागात पिढ्यानपिढ्या सांगतात. १४ जानेवारीला इथे माणसं जमतात. महाराष्ट्रातून गाड्या भरून येतात, आपलं मूळ मराठ्यांत सांगणारे हरियाणातले रोड मराठे येतात. कुणी माती कपाळाला लावतं, कुणी चिमूटभर रुमालाच्या टोकाला बांधून घेतं.

त्या कुंपणापाशी उभं राहिल्यावर बहुतेकांना सेनापती सदाशिवरावभाऊ, म्हणजे भाऊसाहेब, आणि पेशव्यांचा मुलगा विश्वासराव आठवतात. मला इब्राहिमखान गारदी आठवतो, आणि तोही हाती निशाण घेतलेला नव्हे, पगाराचं बोलणारा. काशीराज पंडिताने १७८०च्या सुमारास फारसीत या लढाईची हकीकत लिहिली. तो अवधच्या नवाबाच्या, शुजाउद्दौल्याच्या पदरी, म्हणजे समोरच्या गोटात होता, तेव्हा मराठ्यांच्या छावणीतलं बोलणं त्याच्या कानावर नंतरच आलं असणार. त्याने लिहिलंय ते असं. १४ जानेवारी १७६१च्या सकाळी, लढाईला तोंड फुटायच्या आधी, इब्राहिमखान भाऊसाहेबांपुढे गेला आणि म्हणाला की माझ्या माणसांचा दरमहा वेळच्या वेळी मिळावा म्हणून मी हट्ट धरतो, याचा तुम्हाला राग आहे. या महिन्यात तर खजिनाच लुटला गेला, आम्हाला काही मिळालेलं नाही. असो, पण इतके दिवस दिलेला पैसा वाया गेला नाही, हे आज दाखवतो.

उपाशी छावणीत, मरणाच्या तोंडावर, एका सेनानायकाला पगाराचा विषय काढावासा का वाटला असेल? मला वाटतं, आपल्यात नसलेलं कसब असलेला माणूस आणायचा आणि त्याला आपल्यात बसवायचं, या कामाची सगळी गोष्ट त्या दोन-चार वाक्यांत आहे. तिचा माग काढत मागे जायला हवं, आणि मग पानिपतावरून पुढेही.

मागे गेलं की पहिली खूण सापडते ती सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर. शिवाजी महाराजांच्या प्रत्येक गडावर कारभार एकाच्या हाती नसे. हवालदाराकडे किल्ल्या आणि हुकूम, सबनिसाकडे हजेरी आणि हिशेब, कारखानिसाकडे धान्य आणि दारूगोळा. शिवाय सरनौबत. ही माणसं मुद्दाम वेगवेगळ्या जातींतली नेमलेली असत, आणि गडाखालचा घेरा रामोशी, महार, मांग, कोळी, बेरड यांच्या भरवशावर. सभासदाने बखरीत हे लिहून ठेवलं आणि न्यायमूर्ती रानड्यांनी पुढे त्याचं मर्म उलगडलं. फितुरी रोखायला हे केलं, असं आपण शाळेत शिकतो. ते खरंच आहे, पण अर्धं. एकाला दुसऱ्यावाचून काम करताच येऊ नये, अशी ती रचना होती. कारखानिसाने धान्य दिल्याशिवाय हवालदाराची शिबंदी जेवत नाही आणि सबनिसाच्या हजेरीपटावर नाव असल्याशिवाय धान्य निघत नाही. कुणी कुणावर माया करावी अशी अपेक्षा त्यात नव्हती. कामच एकमेकांत गुंतवलेलं होतं.

आणि या सगळ्यांना पगार एकाच हातून, रोख. घोड्याचं पागेतून, माणसाचं खजिन्यातून. वतनं आणि जहागिरी तोडून देण्याला महाराजांचा विरोध होता, तो याचसाठी.

समुद्रावर त्यांना हे जास्त अवघड गेलं. घाटावरच्या माणसाला गलबत बांधता येत नव्हतं. १६५९च्या सुमारास कल्याण-भिवंडीकडे जहाजबांधणी सुरू झाली तेव्हा वसईकडचे पोर्तुगीज कारागीर कामावर घेतले. पोर्तुगीज सरकारच्या लक्षात आल्यावर त्यांनी ती माणसं फूस लावून परत नेली. पण तोवर कोळी, भंडारी आणि कोकणातले सुतार त्यांच्याबरोबर काम करून चुकले होते. आरमार थांबलं नाही. पुढे दौलतखान, दर्या सारंग, मायनाक भंडारी ही नावं त्या आरमाराशी जोडली गेली. बाहेरचा माणूस निघून गेला तरी त्याचं कसब मागे उरतं की नाही, ही कसोटी पुढच्या शंभर-दीडशे वर्षांत मराठ्यांना वारंवार लागली.

राजारामाच्या काळात मोगलांशी झुंजताना खजिना उरला नाही आणि सरंजाम परत आला. मुलूख तुझा, वसूल तुझा, त्यातून इतकं घोडदळ ठेव. स्वराज्य त्याने तगलं, हे विसरू नये. मराठी घोडदळ नर्मदा ओलांडून अटकेपर्यंत गेलं ते याच बळावर. पण शिंद्यांचा स्वार शिंद्यांचा झाला, होळकरांचा होळकरांचा, गायकवाडांचा गायकवाडांचा. पेशव्यांची म्हणून जी खास फौज, ती हुजुरात. चाकरीची नाळ ज्याच्या त्याच्या सरदाराशी.

याच सुमारास दक्षिणेत फ्रेंचांनी एक नवी गोष्ट आणली. ड्युप्लेचा सेनानी बुसी हैदराबादेत निजामाच्या पाठीशी उभा राहिला तेव्हा त्याच्याकडे देशी शिपायांच्या कवायती पलटणी होत्या. एका हुकमावर बंदुका भरणाऱ्या, एकदम बार काढणाऱ्या, स्वारांचा लोंढा अंगावर आला तरी ओळ न मोडणाऱ्या. फ्रेंचांच्या ‘गार्द’वरून आपण शब्द केला गारदी. मराठी स्वार जे करू शकत होता ते गारद्याला जमत नव्हतं, आणि गारदी जे करत होता ते स्वाराच्या रक्तात नव्हतं. स्वार वाऱ्यासारखा जातो, शत्रूची रसद तोडतो, दमवतो, बाजू पाहून निसटतो. गारदी एका जागी पाय रोवतो.

सदाशिवरावभाऊंना हे कसब हवं होतं. आधी मुजफ्फरखान गारदी पेशव्यांकडे होता. त्याच्याशी बिनसलं, आणि १७५९ साली भाऊंवर मारेकरी घालण्याचा कट त्याच्याच नावावर उघड झाला. त्याला देहान्त झाला. एका गारद्याने असा अनुभव दिल्यावर दुसरा माणूस कदाचित त्या वाटेला गेला नसता. भाऊंनी त्याच सुमारास निजामाकडून आलेल्या इब्राहिमखानाला आठ-नऊ हजार गारद्यांसह पदरी ठेवलं. भाऊंच्या बाजूने बोलायचं तर ही मोठी गोष्ट आहे. माणसावरचा राग त्यांनी कसबावर काढला नाही.

फळ लगेच मिळालं. फेब्रुवारी १७६०मध्ये उदगीरला निजामअलीची फौज तोफा-बंदुकांचा चौक करून, माणसं-सामान मध्ये घेऊन पुढे सरकत होती. मराठी घोडदळाने तिला चारी बाजूंनी घेरलं, दाणावैरण तोडली. इब्राहिमखानाच्या तोफांनी तो चौक भाजून काढला, आणि भिंतीला भेग पडली तिथे स्वार घुसले. दोन कसबं, प्रत्येक आपापल्या जागी. निजामाने दौलताबाद, अशीरगड, बऱ्हाणपूर आणि साठ लाखांच्या घरातला मुलूख सोडला.

उदगीरचा हा विजय मी जितक्यांदा वाचतो तितकी मला हुरहूर लागते. कारण अकरा महिन्यांनी, इथे पानिपतावर, जागा उलटल्या. तोफा-बंदुकांचा चौक करून, बायकापोरं, यात्रेकरू, बुणगे मध्ये घेऊन अडकलेली फौज आता आपली होती. रसद तोडणारे चपळ स्वार अफगाण बादशहा अब्दालीचे होते. गोविंदपंत बुंदेले दोआबात धान्य गोळा करत होते, ते डिसेंबरात मारले गेले आणि ती वाट बंद झाली. उदगीरला निजाम जिथे उभा होता तिथे भाऊ उभे होते.

असं का झालं? मार्च १७६०मध्ये परतुडाहून निघालेली फौज दिल्लीला पोचायला ऑगस्ट उजाडला. जड तोफा बैलांच्या पायांनी चालतात, पूर आलेली चंबळ आणि यमुना त्यांच्यासाठी थांबत नाही. घोडदळाला त्या चालीने जावं लागलं. त्याचं जे एकमेव बळ, वेग, तेच वाटेत सांडलं. मल्हारराव होळकर आणि सूरजमल जाट सांगत होते की जडजवाहीर, कबिले, मोठ्या तोफा मागे एखाद्या भक्कम किल्ल्यात ठेवा आणि आपल्या जुन्या पद्धतीने, गनिमी काव्याने लढा. इब्राहिमखानाचं म्हणणं उघडच उलटं; तोफा मागे ठेवल्या तर त्याने यायचं कशाला? मल्हाररावांना कुणी पळपुटे म्हणतं, कुणी शहाणे, आणि अडीचशे वर्षं हा वाद चाललाय. मला विचाराल तर दोघेही आपापल्या कसबाशी इमानी होते. मल्हाररावांचा सल्ला घोड्यासाठी बरोबर होता, खानाचा तोफेसाठी. या दोघांना एका डावात बसवणारं तिसरं डोकं लागत होतं, आणि भाऊंच्या गाठीशी अनुभव होता तो एका उदगीरचा. घरापासून हाकेच्या अंतरावर, रसद मागे शाबूत असताना झालेल्या लढाईचा.

त्यात पगाराची काडी. दरमहा रोख मागणारे गारदी आणि सरंजामावर व लुटीवर चालणारे स्वार एकाच छावणीत, आणि खजिना रिकामा. दिल्लीच्या दिवाण-ए-खासचं चांदीचं छत उतरवून नाणी पाडली तीही पुरली नाहीत. ज्याचं घोडं उपाशी मरतंय त्या शिलेदाराला शेजारच्या तंबूत पगाराची मागणी ऐकू येत असेल तेव्हा काय वाटत असेल? आणि गारद्याला? तो तर चाकरीलाच त्या कबुलीवर आला होता. पुण्यातल्या एका संस्थेत मी नोकरीला होतो तेव्हा संगणकाचं काम येणारा एक तरुण जास्त पगारावर आणला होता. चांगला मुलगा. जुन्या माणसांनी त्याच्याशी भांडण केलं नाही, फक्त फायली दिल्या नाहीत. वर्ष-सव्वा वर्षात तो गेला. त्याची रिकामी खुर्ची आठवली की मला इब्राहिमखानाचं ते सकाळचं बोलणं जास्त समजतं.

त्या दिवशी खानाने शब्द पाळला. गारदी डाव्या बाजूला होते. समोर रोहिले. काशीराज लिहितो की खानाने निशाण स्वतःच्या हाती घेतलं, गोळीबार थांबवायला लावला आणि संगिनी रोखून पलटणी पुढे काढल्या. दोन पलटणी त्याने बाजू सांभाळायला तिरप्या उभ्या केल्या, म्हणजे रणधुमाळीतही त्याचं डोकं जागेवर होतं. रोहिल्यांचे आठ-नऊ हजार मेले किंवा जखमी झाले, असा त्याचा आकडा आहे. त्र्यंबक शंकर शेजवलकरांपासून आपल्याकडे मांडलं गेलेलं चित्र असं, की गारद्यांची सरशी पाहून शेजारचे विठ्ठल शिवदेव विंचूरकर आणि दमाजी गायकवाड यांच्या स्वारांना धीर धरवला नाही. त्यांनी तोफा-बंदुकांच्या त्या चौकातली, म्हणजे गोलातली, आपली जागा सोडली आणि पुढे झेप घेतली. स्वारांच्या हाती बंदुका नव्हत्या. रोहिल्यांच्या गोळ्यांनी ते मागे फिरले, आपल्याच गारद्यांची ओळ विस्कटली, गोलाला भगदाड पडलं. विंचूरकर-गायकवाड भ्याले नाहीत, उलट फार शूर होते. आयुष्यभर जे शिकले तेच त्यांनी केलं: संधी दिसली, घोडं घातलं. शेजाऱ्याचं कसब कशावर उभं आहे, ते उभं राहावं म्हणून आपण कुठे स्थिर राहायचं, हे त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. गोलाची कवायत एकट्या गारद्यांची झाली होती.

पलीकडे अब्दालीकडेही सगळी मिसळच होती. दुराणी स्वार, रोहिला सरदार नजीबाचं पायदळ, शुजाची फौज, उंटांवरची जंबुरकी. भाषा वेगळ्या, पंथ वेगळे, एकमेकांवर विश्वास बेताचा. पण हुकूम एकाचा, आणि शेवटच्या घटकेसाठी राखून ठेवलेली ताजी माणसं. दुपारी पळत सुटलेल्यांना त्याने दटावून परत रणात लोटलं आणि राखीव फौज घातली. विश्वासराव गोळी लागून पडले. पुढचं मराठी माणसाला सांगायची गरज नाही.

इब्राहिमखान जखमी अवस्थेत धरला गेला. त्याच्या पलटणी जवळजवळ संपल्या होत्या. आठवड्याभरात तो गेला. जखमांत विष भरलं गेलं, असं काशीराज म्हणतो. तो पळाला नाही, पक्ष बदलला नाही. पगार थकलेला होता.

आणि तरी मराठीत ‘गारदी’ म्हटलं की इब्राहिमखान डोळ्यांपुढे येत नाही. ३० ऑगस्ट १७७३ला शनिवारवाड्यात सुमेरसिंग गारदी आणि त्याचे साथीदार नारायणराव पेशव्यांवर धावून गेले; तेव्हाही निमित्त थकलेल्या पगाराचंच होतं, मागे ‘ध’चा ‘मा’ कुणी केला ते रामशास्त्र्यांनी शोधलं. त्या एका दुपारनंतर गारदी म्हणजे मारेकरी झाला. एका सबंध पेशाचं नाव काळं पडलं, तेही पानिपतावर मेलेल्या हजारोंसकट. माझ्या मनाला हे फार लागतं.

पानिपतावरून जे जिवंत निघाले त्यात महादजी शिंदे होते. पायाला घाव बसलेला, तो जन्मभराचा अधूपणा. त्यांनी पुढे जे केलं त्यात मला या लढाईचा सर्वांत खोल धडा घेतलेला दिसतो. १७८४ साली त्यांनी सव्हॉयमधल्या शांबेरीच्या बन्वा द ब्वान्य याला दोन पलटणी उभारायला ठेवलं. आपण त्याला डीबॉईन म्हणतो. लालसोटला १७८७मध्ये डाव जमला नाही, मधे तो सोडूनही गेला, १७९०मध्ये परत आला. या खेपेला महादजींनी त्याला दिला तो कंपू: दहा पलटणी, त्यांचा स्वतःचा तोफखाना, सोबतीला त्यांचंच घोडदळ. शेजारच्या सरदाराच्या मर्जीवर काही सोडलंच नाही. आग्र्याला सँगस्टर नावाचा स्कॉट गृहस्थ तोफा ओतत होता. आणि पगारासाठी दोआबात अलीगढच्या भोवतीचा मुलूख लावून दिला, ज्याचा वसूल कंपूखेरीज कशालाही जायचा नाही. इब्राहिमखानाने ज्याची विनवणी केली त्याची ही तजवीज होती, एकोणतीस वर्षांनी. त्याच साली जूनमध्ये पाटण आणि सप्टेंबरमध्ये मेडता. राजपुतान्यात कंपूपुढे घोडदळ टिकेना.

पण मुरंबा मुरायला वेळ लागतो आणि महादजींना तो मिळाला नाही. १७९३मध्ये लाखेरीला हाच कंपू होळकरांवर चालला. ज्यांचं उणं भरून काढायला कसब आणलं, त्यांच्याच घरात ते वापरलं गेलं. फेब्रुवारी १७९४मध्ये महादजी वानवडीला गेले. डीबॉईन आजारी होऊन मायदेशी परतला. शांबेरीत त्याच्या स्मारकाच्या कारंज्याला ओतीव लोखंडाचे चार हत्ती आहेत. त्याच्यामागे पेराँ आला. शिपाई इथलेच, पण वरच्या जागांवर इथलं माणूस तयार केलं नाही. कल्याणच्या सुतारांनी जे उचललं होतं ते इथे कुणाला उचलू दिलं नाही. १८०३मध्ये इंग्रजांनी जाहीरनामा काढून शिंद्यांच्या गोऱ्या अधिकाऱ्यांना बोलावलं, आणि ऐन युद्धात ते गेले. पेराँही गेला. असईला २३ सप्टेंबरला घोडदळ निघून गेलं आणि कंपूचे शिपाई, तोफांना चिकटलेले गोलंदाज, जागेवर मेले. इंग्रज सेनानी वेलस्लीची दीड हजारांवर माणसं पडली. नोव्हेंबरात अलवरकडे लासवारीला तर उरल्यासुरल्या पलटणी आपल्या साहेबांवाचून लढल्या, आणि त्या कशा लढल्या हे शत्रूच्या सेनापतीने, लेकने, लिहून ठेवलं.

कंपू हा शब्दही आपल्याकडे राहिला. आज कचेरीत, साहित्य संमेलनात, पक्षात चार जण एकमेकांचीच तळी उचलायला लागले की आपण म्हणतो, त्यांचा कंपू आहे. सारखी माणसं सारख्यांना चिकटतात, त्याला ते नाव. वेगवेगळी कसबं एकत्र बांधण्याला महादजींच्या छावणीत हाच शब्द होता.

काला अंबच्या कुंपणापाशी मी उन्हं वर येईपर्यंत उभा होतो. धुकं फाटलं तसे पलीकडचे गव्हाचे तुकडे दिसायला लागले. त्या संध्याकाळी याच शिवारातून दक्षिणेकडे हजारो माणसं पळत होती. पाय तुटल्यागत झालेला एक तरुण सरदार मागे पडला होता आणि राणेखान नावाच्या एका भिस्त्याला तो दिसला. भिस्त्याकडे ना घोडा होता ना हत्यार. पाण्याचा बैल होता, आणि त्याला वाटा माहीत होत्या. त्याने पखाली उतरवल्या आणि महादजीला बैलावर घातलं. पुढे महादजींनी त्याला भाऊ मानलं, फौज दिली, आणि पाणक्या राणेखान ‘राणेखान भाई’ म्हणून उत्तर हिंदुस्थानात सेनापती झाला. पण ते नंतर. त्या रात्री बैल चालत होता, आणि तो कुणाचा सरंजामी नव्हता की कुणाचा गारदी.